वर्तुळ मोठं झालं, पण औषध पोहोचलं का?

परवा लायब्ररीबाहेर एका ज्युनियरने तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला दिला. पेट पास झालीय, गाइड मिळालेत, आता आरआरसीपुढे जायचंय. विषय असा: वनस्पतीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवायचे, ते अँटिबायोटिकबरोबर वापरायचे आणि औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघायचं. शीर्षकात 'ड्रग डिलिव्हरी' हे शब्द होते. मी मसुदा शेवटपर्यंत वाचला. डिलिव्हरी कुठेच सापडली नाही.

यात तिचा एकटीचा दोष नाही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मीही हेच केलं होतं. कडुनिंबाचा पाला उकळला, सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकला, रंग पिवळट-तपकिरी झाला, ई. कोलायच्या प्लेटवर डिस्क ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती मोकळं वर्तुळ दिसलं, त्याचा फोटो काढला, व्हायव्हात शाबासकी मिळाली. त्या वर्तुळाचा नेमका अर्थ काय, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

म्हणून आज एक पेपर घेऊन तो तुमच्यासोबत वाचायचा आहे. टीका करायची तर चांगला पेपर निवडावा. वाईट पेपर झोडपणं सोपं असतं, त्यातून शिकायला काही मिळत नाही.

पेपर कोणता

२०१२ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ नॅनोमेडिसिन'मध्ये पुण्याच्या प्रा. बाळू चोपडे यांच्या गटाचा पेपर आला. कडू करांद्याच्या, म्हणजे डायोस्कोरिया बल्बिफेराच्या कंदाच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवायचे आणि वेगवेगळ्या अँटिबायोटिकबरोबर ते कसे काम करतात ते तपासायचं, असा त्याचा विषय. चोपडे सर पुढे २०१४ ते २०१९ या काळात आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांची खरी ओळख मात्र अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूचे अभ्यासक म्हणून आहे. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गाठणारा, एकामागून एक औषध निकामी करणारा हा जिवाणू. नॅनोचा जोर आहे म्हणून कुणीतरी नॅनोत शिरलं, असा हा प्रकार नव्हता. प्रश्न जुना होता, त्यासाठी नवं हत्यार शोधलं जात होतं.

पेपर फुकट डाउनलोड होतो, पण मी इथे मुद्दाम त्याच्या सारांशावरच थांबणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे सिनॉप्सिस सारांशांवरच उभे राहतात, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

सारांशात काय आहे? पाच तासांत कण तयार झाले. हे कण एकटेही ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह अशा दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना मारतात. मग जोडीचे आकडे येतात. अनेक औषधांना प्रतिकार करणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानीवर पिपरॅसिलिनचा परिणाम चांदीमुळे ३.६ पट आणि एरिथ्रोमायसिनचा ३ पट वाढला. स्युडोमोनासवर क्लोरॅम्फेनिकॉल ४.९ पट, व्हॅन्कोमायसिन ४.२ पट. आणि सर्वांत मोठा आकडा: ई. कोलायवर स्ट्रेप्टोमायसिनच्या वर्तुळाच्या व्यासात ११.८ पट वाढ.

माझ्या ज्युनियरच्या मसुद्यात हा ११.८ ठळक अक्षरांत होता. आपण तिथेच थांबू.

११.८ पट म्हणजे किती?

अँटिबायोटिकची कागदी डिस्क ६-७ मिलिमीटरची असते आणि पेट्री प्लेट साधारण ९० मिलिमीटरची. समजा स्ट्रेप्टोमायसिनचं एकट्याचं वर्तुळच नाही, नुसती ७ मिलिमीटरची डिस्क आहे. तिच्या व्यासाची ११.८ पट केली तर ८२-८३ मिलिमीटर होतात. म्हणजे जवळजवळ सगळी प्लेट मोकळी! एका प्लेटवर चार-पाच डिस्क ठेवणाऱ्या कुणालाही कळेल की हे शक्य नाही. सारांशात शब्द 'व्यास' असला तरी ही वाढ व्यासाची नसणार.

मग कशाची? या प्रकारच्या पेपरांत एक ठरलेलं सूत्र वापरतात. नंतरच्या व्यासाचा वर्ग घ्यायचा, त्यातून आधीच्या व्यासाचा वर्ग वजा करायचा आणि आधीच्या व्यासाच्या वर्गाने भागायचं. म्हणजे क्षेत्रफळातली वाढ. औषधाचं एकट्याचं वर्तुळ आलंच नाही, तर डिस्कचाच व्यास 'आधीचा व्यास' म्हणून धरतात.

आता वही-पेन घ्या. आधीचा व्यास ७ मिलिमीटर, नंतरचा २५. ६२५ वजा ४९ म्हणजे ५७६, भागिले ४९. उत्तर ११.७६, म्हणजे ११.८. आता बाकीचे आकडे बघा. ७ वरून १७ झाले तर ४.९. ७ वरून १६ झाले तर ४.२. १५ ला ३.६. १४ ला बरोबर ३. सारांशातले पाचही आकडे पट्टीने मोजता येतील अशा पूर्ण मिलिमीटरमध्ये बसतात. ६ मिलिमीटरची डिस्क धरून पाहिली तर असे बसत नाहीत.

यातून निघणारा सर्वांत सरळ अर्थ असा, आणि हा मी गणितावरून काढलेला अर्थ आहे: या पाचही जोड्यांत अँटिबायोटिकने एकट्याने काहीच केलं नव्हतं. 'आधीचा' आकडा हा औषधाचा परिणाम नसून कागदाच्या तुकड्याचा व्यास आहे. तुलना औषध आणि औषध-अधिक-चांदी यांच्यात झाली, पण त्यातलं पहिलं माप शून्याच्या जागी बसवलेलं होतं. शून्याची पट काढता येत नाही, म्हणून डिस्क मदतीला आली.

यात लबाडी नाही. सूत्र प्रचलित आहे, इतरही वापरतात. पण '११.८ पट' वाचल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं आणि '७ ऐवजी २५ मिलिमीटर' वाचल्यावर जे उभं राहतं, ती दोन वेगळी चित्रं आहेत. पेपरचं समीक्षण करणं म्हणजे पहिल्या चित्रातून दुसऱ्यात येणं.

मारलं कुणी?

आता दुसरा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. सारांशच सांगतो की चांदीचे कण एकटेही जिवाणू मारतात. मग जोडीच्या २५ मिलिमीटरच्या वर्तुळात स्ट्रेप्टोमायसिनचा वाटा किती आणि चांदीचा किती? नुसत्या चांदीच्या डिस्कभोवती त्याच ई. कोलायवर किती वर्तुळ आलं, हा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. पूर्ण पेपर उघडलात की आधी तो रकाना शोधा. कुठलाही 'जोडीचा' पेपर असो, हीच पहिली सवय लावून घ्या.

व्हॅन्कोमायसिनचं उदाहरण घ्या. हा रेणू बराच मोठा, साधारण १४५० डाल्टनचा. स्युडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला बाहेरून आणखी एक पटल असतं आणि व्हॅन्कोमायसिन त्यातून आत शिरत नाही. म्हणून कुठलाही डॉक्टर स्युडोमोनासला व्हॅन्कोमायसिन देत नाही. तरीही ४.२ पट वाढ दिसते. याचे दोन अर्थ निघतात. एक, चांदीने बाहेरचं पटल फोडलं आणि औषधाला वाट करून दिली. हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे. दोन, जे काही झालं ते एकट्या चांदीने केलं आणि व्हॅन्कोमायसिन नुसतं सोबत होतं. प्लेटवरचं वर्तुळ या दोन अर्थांत फरक करू शकत नाही.

वर्तुळाची आणखी एक अडचण आहे. ते फक्त मारण्याची ताकद दाखवत नाही, आगरमधून पसरण्याचा वेगही दाखवतं. अँटिबायोटिकचा छोटा रेणू भराभर पसरतो, नॅनोकण रखडत जातो. वर चांदीचे आयन माध्यमातल्या क्लोराइडला आणि प्रथिनांना चिकटून बसतात. त्यामुळे दोन वेगळ्या पदार्थांची वर्तुळं शेजारी ठेवून 'हा जास्त प्रभावी' म्हणणं म्हणजे बैलगाडी आणि सायकल यांची ताकद त्यांनी कापलेल्या अंतरावरून ठरवण्यासारखं आहे.

खरी साथ आहे का, हे तपासण्याची पद्धत अवघड नाही. ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची, एका बाजूने औषधाची मात्रा कमी करत जायची, दुसऱ्या बाजूने चांदीची. याला चेकरबोर्ड म्हणतात. एकत्र असताना प्रत्येकाची किती मात्रा पुरते, ती एकट्याच्या मात्रेने भागायची आणि दोन्ही भागाकारांची बेरीज करायची. बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली तरच 'सिनर्जी' म्हणायचं. तासातासाला जिवंत जिवाणू मोजले तर आणखी चांगलं: एकट्या औषधांपैकी जे जास्त प्रभावी, त्याच्यापेक्षा जोडीने शंभर पट कमी जिवाणू उरवले पाहिजेत. हे आपल्या कुठल्याही मायक्रोबायोलॉजी विभागात होऊ शकतं. याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागत नाही.

'चांदीला प्रतिकार होत नाही'

ज्युनियरच्या मसुद्यात प्रस्तावनेतच हे वाक्य होतं. शेकडो प्रस्तावनांत असतं. चांदी एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून जिवाणूंना तिच्याविरुद्ध बचाव करता येत नाही, असा त्यामागचा तर्क.

हे वाक्य खोडायला परदेशी जर्नलपर्यंत जायची गरज नाही. १९९४ साली 'बायोमेटल्स'मध्ये चोपडे सरांच्याच प्रयोगशाळेतून एक पेपर आला होता: अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानीत चांदीविरुद्धचा प्रतिकार, आणि तोही प्लाझ्मिडवर. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूकडे असलेली डीएनएची सुटी अंगठी, जी तो शेजाऱ्यालाही देऊ शकतो. करांद्याच्या पेपरच्या अठरा वर्षं आधीचं हे काम आहे. त्याही आधी, १९७५ साली, बोस्टनच्या एका रुग्णालयात जळालेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला नोंदवला गेला होता. तिथे जखमांवर चांदीचं द्रावण वापरलं जात असे.

मला यात एक गोष्ट फार लागते. चांदीच्या कणांचं जे सगळ्यांत मोठं आश्वासन, त्याच्यावरचा इशारा याच प्रांतातल्या, याच जिवाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेने देऊन ठेवला होता. आपण करांद्याच्या पेपरचा उतारा घेतो आणि १९९४ चा पेपर उघडत नाही. हा दोष त्या पेपरचा नाही. साहित्याचा आढावा म्हणून गेल्या पाच वर्षांचे सारांश चिकटवणाऱ्या आपल्या सवयीचा आहे.

मग डिलिव्हरी म्हणजे काय?

करांद्याचा पेपर औषध पोहोचवण्याचा दावा करत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो दोन मारेकऱ्यांना एकत्र आणतो. 'डिलिव्हरी' हा शब्द आपण शीर्षकात घालतो, कारण तो ऐकायला बरा वाटतो.

खरी डिलिव्हरी आपण मराठवाड्यात सगळ्यांनी ऐकलेली आहे, फक्त तिला त्या नावाने ओळखलं नाही. मे २०२१ आठवा. कोविडनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण येत होते आणि घरोघरी लोकांना एक अवघड नाव पाठ झालं होतं: लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी. राज्यभर त्याचा तुटवडा होता. रोग बुरशीचा होता, जिवाणूचा नव्हे, हे मान्य. पण नॅनो आकाराच्या वाहकातून औषध पोहोचवणं म्हणजे काय, हे समजायला याच्याइतकं जवळचं उदाहरण नाही.

अ‍ॅम्फोटेरिसिन हे जुनं औषध बुरशीच्या पेशीपटलाला भोकं पाडतं, पण माणसाच्या पेशीपटलालाही थोडं चिकटतं आणि मूत्रपिंड बिघडवतं. म्हणजे औषध चालत नाही ही अडचण नव्हती. ते नको तिथे जातं ही होती. मग त्याला चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, लायपोसोममध्ये बसवलं. त्यामुळे मूत्रपिंडाला होणारा त्रास बराच कमी झाला आणि पुरेशी मात्रा देता येऊ लागली.

भारतात हे काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने केलं, दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. बच्छावत यांच्या साथीने. त्या प्रवासावरचा त्यांचा लेख २००५ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये आला. शीर्षकातच 'प्रयोगशाळेपासून रुग्णालयापर्यंत' असा अर्थ आहे. तो वाचा आणि करांद्याच्या पेपरशेजारी ठेवा. इथे वर्तुळाच्या फोटोवर गोष्ट संपत नाही. रुग्णांमध्ये साध्या औषधापेक्षा दुष्परिणाम कमी झाले का, बुरशीच्या गंभीर संसर्गात आणि काळा आजारात ते चाललं का, दर किलोमागे किती मिलिग्रॅम लागलं, इथपर्यंत गोष्ट जाते. परदेशी लायपोसोमल औषधाला दिवसाला किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम लागत असताना आपल्याला १ ते ३ पुरतात, असा त्यांचा दावा आहे. यावरही प्रश्न विचारता येतील, दोन्ही औषधं समोरासमोर तपासली का, हा पहिला. पण तो प्रश्न रुग्णाबद्दलचा असेल, कागदाच्या डिस्कबद्दलचा नसेल.

जिवाणूंच्या बाबतीतलं उदाहरण म्हणजे अमिकासिन. हे जुनं अँटिबायोटिक शिरेतून बरेच दिवस दिलं तर कान आणि मूत्रपिंडाला धोका असतो. शिवाय फुफ्फुसातले काही चिवट मायकोबॅक्टेरिया आपल्याच भक्षक पेशींच्या आत लपून बसतात आणि अमिकासिन पेशींच्या आत नीट शिरत नाही. म्हणून ते साधारण ३०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये भरून वाफेवाटे फुफ्फुसात सोडलं. भक्षक पेशींना असे कण गिळायची सवयच असते, त्याचा इथे फायदा घेतला. अमेरिकेत सप्टेंबर २०१८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. ३३६ रुग्णांच्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना जोडून हे औषध दिलेल्यांपैकी सहा महिन्यांत २९ टक्क्यांच्या थुंकीतून जिवाणू गेले. नुसत्या नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ९ टक्के होतं. आवाज बसणं, श्वासाचा त्रास हे दुष्परिणाम वाढले.

हे आकडे नीट बघा. दहापैकी सातजणांना इतकं करूनही गुण आला नाही. यातली वाढ ११.८ पट नाही, जेमतेम तीन पट आहे. तरीही ही तीन पट माझ्यासाठी जास्त मोठी आहे, कारण तिच्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत आणि 'आधीचा आकडा' खरा मोजलेला आहे.

सिनॉप्सिसचं काय केलं?

ज्युनियरला मी विषय सोडायला सांगितलं नाही. तीन वर्षं, मर्यादित फेलोशिप आणि एकच फ्यूम हूड असताना रुग्णांवर चाचण्या करा म्हणणं हा चेष्टेचा सल्ला झाला असता. आम्ही दोघींनी बसून चार बदल केले.

शीर्षकातून 'डिलिव्हरी' काढलं. ते ठेवायचं असेल तर वाहकात किती औषध बसलं, ते किती तासांत सुटलं आणि रिकाम्या वाहकाने एकट्याने काय केलं, हे तिन्ही मोजावं लागेल असं लिहून ठेवलं. डिस्कची पद्धत फक्त पहिल्या चाळणीपुरती ठेवली, मुख्य निष्कर्षासाठी चेकरबोर्ड घेतला, प्रत्येक तक्त्यात नुसत्या चांदीचा रकाना सक्तीचा. माणसाच्या लाल रक्तपेशी किती मात्रेला फुटतात, ही साधी तपासणी जोडली, कारण जिवाणूला मारणारी मात्रा आणि रक्तपेशी फोडणारी मात्रा सारखीच निघाली तर पुढचं सगळं निरर्थक. आणि प्रस्तावनेतलं प्रतिकाराचं वाक्य खोडून तिथे १९९४ चा पेपर घातला. वर एक नवा प्रश्न: हे कण वीस-तीस पिढ्या कमी मात्रेत दिले तर जिवाणू सरावतो का?

तो शेवटचा प्रश्न तिलाच सुचला. पूर्ण मसुद्यातली सर्वांत चांगली ओळ ती आहे, असं मी तिला सांगितलं.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्याही फाइलमध्ये एखादा '११.८' ठळक अक्षरांत असेल, तर आज एवढंच करा. तो आकडा मिलिमीटरमध्ये बदला, शेजारी एकट्या कणाचा आकडा लिहा आणि मग वाक्य पुन्हा वाचा. वाक्य टिकलं तर उत्तम. नाही टिकलं तर आरआरसीच्या आधी कळलं, यातही तुमचं एक वर्ष वाचलं.